काळ्या वाडग्यावरचं झाकण

आमच्या 'उत्सुगिया' या भोजनगृहाच्या घरात मुलगी जन्मली की लाल भात शिजायचा आणि मुलगा जन्मला की मोठी माणसं तोंडदेखलं हसायची. क्योतोतल्या जुन्या पेढ्यांमधून हे असंच चालत आलंय. मुलगा जसा पदरात पडेल तसा गोड मानून घ्यावा लागतो, जावई मात्र पारखून आणता येतो. माझी आई या घरची मुलगी, मी या घरची मुलगी, माझी चिगुसाही. पुरुष आम्ही बाहेरून आणले, त्यांना आमचं आडनाव लावलं, स्वयंपाकघरात उभं केलं, आणि कसाला उतरले की मूळपुरुषाचं 'उहेई' हे नाव दिलं. आमचे हे आठवे उहेई. त्याआधी ते किमिओ होते, पलीकडच्या गल्लीतल्या टोफूवाल्याचे धाकटे. भांडण झालं की मी अजून त्यांना किमिओच म्हणते.

पाहुण्यांना आम्ही सांगतो की पहिल्या उहेईंनी दरबारातल्या मानकऱ्यांना जेवू घातलं. एखादा मानकरी वाट चुकून आलाही असेल. मुळात ते देवळादेवळांत श्राद्धाच्या जेवणाचे डबे पोचवायचे. श्राद्धाला मासळी चालत नाही, म्हणून कोंबूच्या, म्हणजे समुद्रातल्या वाळक्या शेवाळाच्या, पट्ट्या विहिरीच्या पाण्यात मुरवून ते नितळ सार काढायचे. त्या सारावर हे घर उभं राहिलं. वाळक्या मासळीचा कीस त्यात मागाहून आला. घर दोनदा आगीत गेलं, एकदा नदी ओसरीवर चढली, पण विहीर राहिली आणि सार राहिलं. आमच्याकडे कुणीही ओळखीशिवाय येत नाही. नवा पाहुणा पहिल्यांदा वाडग्याचं झाकण उघडायचा, एक घोट घ्यायचा आणि गप्प व्हायचा. ते गप्प होणं बघायला मला लहानपणी दाराआड उभं राहायला आवडायचं.

सार पाहुण्यापुढे जाण्याआधी चाखून बघायचा अधिकार एकट्या मालकाचा. दुसऱ्या कुणी पळी तोंडाला लावली तर माझे बाबा हातातलं ओलं फडकं फेकून मारायचे. आणि पुढचा मालक कोण, हेही त्या घोटावरच ठरतं. दारावर पडदा लावला की घर पाहुण्यांना उघडं; नोव्हेंबरात मूळपुरुषाच्या पुण्यतिथीला आम्ही तो लावत नाही. त्या दिवशी जावयाने स्वतःच्या हाताने, स्वतः चाखून, कोंबू आणि मासळीच्या किसाचं सार करायचं, वर ना माशाचा तुकडा ना पान, नुसतं सार, आणि आतून-बाहेरून काळ्या लाखेच्या वाडग्यातून ते मालकापुढे ठेवायचं. मालक पितो. पिऊन झाल्यावर झाकण वाडग्यावर परत ठेवलं, तर नाही. झाकण ताटात उताणंच राहिलं, तर हो, आणि मग मालक म्हणतो, "उद्या पडदा तू लाव." कुठे चुकलं ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. बाबांनी ह्यांना इतकी वर्षं झुलवलं की तोवर चिगुसा शाळेत जायला लागली होती. दर नोव्हेंबरात हे विहिरीपाशी जाऊन बसायचे, मी चहा नेऊन शेजारी बसायचे. मग एका वर्षी झाकण उताणं राहिलं, आणि टोफूवाल्याचा मुलगा बाबांसमोरच हुंदके देऊन रडला.

घरजावई म्हटलं की बाहेरची माणसं गालात हसतात. हसोत बापडी. त्यांनी एकदा तो वाडगा उचलून बघावा.

केइगो आमच्याकडे आला तो त्सुरुगाच्या मासळीबाजारातून. हाडापेराने मोठा, बोलायला कमी, हात मात्र सुगरणीचा. चिगुसाने त्याला पसंत केलं आणि आम्हीही केलं. त्याचा आमच्या घरातला पहिला नववर्षाचा दिवस मला चांगला आठवतो. पांढऱ्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारातली मोची, तांदळाच्या चिकट वड्या, खात सगळे बसलो होतो आणि ह्यांनी दरवर्षीची गोष्ट सुरू केली.

"लढाई ऐन भरात होती. कोंबूची जहाजं बंद, मासळी दिसेना. आणि एक दिवस जुने पाहुणे दारात. परत कसं पाठवायचं? सहाव्या उहेईंनी विहिरीचं पाणी उकळलं, काळ्या वाडग्यांत ओतलं, झाकणं घातली आणि वाढलं. सगळे सावकाश प्यायले. उठताना वाकून म्हणाले, नेहमीसारखंच झालं होतं!"

हे सांगताना ह्यांचे डोळे दरवर्षी भरून येतात. माझेही येत.

केइगोने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "एकानेही सांगितलं नाही, की हे पाणी आहे?"

"अरे, सांगायचं कसं? न सांगण्यातच तर मान आहे."

"पण मग आजोबांना कळणार कसं, की त्यांचं सार खरंच कधी चांगलं झालं होतं ते?"

चिगुसाने त्याला टेबलाखालून लाथ मारली. ती माझ्याही पायाला लागली.

"खा आता मुकाट्याने," मी म्हणाले. "मोची दगड होईल."

त्यानंतर बरीच वर्षं पुण्यतिथ्या आल्या आणि गेल्या. केइगो वाडगा ठेवायचा, हे प्यायचे, झाकण परत ठेवायचे. केइगो वाकून नमस्कार करायचा आणि भांडी घासायला जायचा. त्याची तक्रार नव्हती. ह्यांचं 'नाही' हे खरं 'नाही' असायचं, आणि त्यालाही ते कळायचं. पुढच्या वर्षीचं सार आदल्या वर्षीपेक्षा जवळ आलेलं असायचं.

मग एका जानेवारीत हे पहाटे पाणी काढायला गेले आणि विहिरीपाशी बर्फावर घसरले. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. टाके पडले, टाके सुकले, हे पुन्हा स्वयंपाकघरात उभे राहिले. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं.

आधी मला सान्शोच्या पुडीवरून शंका आली. जिभेला मुंग्या आणणारी ती पूड हे चिमटीच्या टोकावर घेणारे. जास्त घालणाऱ्याला गावंढळ म्हणणारे. तेच आता भातावर डबी पालथी करायला लागले. एकदा शेगडीवर मासा करपला. धूर पार पाहुण्यांच्या खोलीपर्यंत आला, आणि हे शेगडीकडे पाठ करून शांतपणे सुरी पुसत उभे होते. मी मासा उचलला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, आणि मला कळलंय हे ह्यांनाही कळलं. ब्र कुणी काढला नाही. ज्याला चव नाही तो मालक नाही, आणि मालक नसेल तर पुढच्या मालकासाठी झाकण उताणं ठेवणार कोण?

काही महिने हातानेच निभावून नेलं. हाताला मिठाची सवय होती, फिक्या सोया सॉसची सवय होती. पण कोठीतला जुना मुरलेला कोंबू संपला, नव्या साली दुसऱ्या किनाऱ्यावरचा आला, आणि त्याला किती वेळ पाण्यात ठेवायचं हे हाताला ठाऊक नव्हतं. हे पळी ओठाला लावायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. केइगो बाजूला उभा असायचा. वासावरून त्याला काहीतरी कळत असणार. पण नियम म्हणजे नियम, पळीला त्याने हात लावला नाही.

त्या सुमारास कुराहाशीसान जेवायला आले. किमोनोच्या कमरपट्ट्यांचे व्यापारी, तीन पिढ्यांचे आमचे पाहुणे. त्यांनी झाकण उघडलं, घोट घेतला, वाडगा दोन्ही हातांत फिरवला आणि हसून म्हणाले, "मालकीणबाई, भांडी काय सुंदर आहेत हो तुमची!"

मी वाकले आणि हसले. आमच्या गावात तोंडावर वाईट कुणी म्हणत नाही. सार चांगलं झालं की माणूस गप्प होतो. बिघडलं की तो भांडी वाखाणतो, फुलं वाखाणतो, बागेतलं शेवाळ वाखाणतो. मग हिवाळ्यात गुडघे दुखतात, उन्हाळ्यात बाहेर पडवत नाही, आणि तो परत येत नाही. कुराहाशीसान परत आले नाहीत. त्यांच्या मागोमाग बाकीचेही आटले. एकाने जरी वाडगा आपटून 'हे काय वाढलंत?' असं विचारलं असतं, तरी मी त्याचे पाय धरले असते.

त्याच नोव्हेंबरात केइगोने पुन्हा वाडगा ठेवला. ह्यांनी पिऊन चव घेतल्यासारखं केलं आणि झाकण परत ठेवलं. केइगो नेहमीसारखा लगेच उठला नाही. झाकणाकडे बघत राहिला, मग गेला.

तो गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. पातेल्याच्या तळाशी उरलेलं सार पळीने घेतलं आणि प्यायले. ते बाबांचं सार होतं. दाराआड उभ्या असलेल्या मुलीला कधीतरी चोरून बोट बुडवून मिळालेलं, तेच. मी शेगडीपाशी खाली बसले आणि पदरात तोंड घालावं तसं बाहीत तोंड घालून रडले. इतक्या वर्षांनी पोराने ते गाठलं होतं, आणि त्याला 'नाही' मिळालं होतं.

मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. ह्यांना सांगायचं म्हणजे आधीच अर्ध्या झालेल्या माणसाचा उरलेला अर्धा भाग मोडायचा. केइगोला सांगायचं म्हणजे ह्यांची जीभ चव्हाट्यावर मांडायची. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून मी पळी धुऊन टांगली.

पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत चिगुसा माझ्यासमोर येऊन बसली. बसण्याच्या पद्धतीवरूनच मी समजले.

"आई, केइगोला नागोयाच्या एका हॉटेलातून बोलावणं आलंय."

"हॉटेलात? पावाबरोबर लोणी वाढायला?"

"टोमणे नंतर मार. ही एक पुण्यतिथी तो थांबणार आहे. त्यानंतर नाही. आणि मी त्याच्याबरोबर जाणार. हल्ली तो घरी काहीच करून खात नाही गं. मीठ किती घालू हेसुद्धा मला विचारतो. गेल्या वर्षीपासून असं झालंय."

दुपारी हे कोठीत कोंबूच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसत होते, तिथे मी गेले आणि दार लोटून घेतलं.

"किमिओ, जीभ कधीपासून गेली?"

"कुणाची?"

"शेजारच्या मांजराची."

हे पट्टी पुसत राहिले. पुसता पुसताच म्हणाले, "पडलो तेव्हापासून. तोंडात लाकूड धरल्यासारखं वाटतं. सान्शो तेवढी टोचते."

"मग गेल्या वर्षी झाकण कशाच्या जोरावर परत ठेवलंत?"

"जे कळलंच नाही, त्याला हो कसं म्हणू? नाही म्हटलं तर निदान घराची अब्रू तरी राहते. भलत्याला हो म्हटलं तर बाबा मला वर गेल्यावर फडकं फेकून मारतील."

"त्याला खरं सांगून टाका."

"काय सांगू? की तुझी परीक्षा एका लाकडाने घेतली?" ह्यांचा आवाज फुटला. "इसोए, अगं, मला या घरात आणलं ते या जिभेसाठी. ती गेली, तर मी कोण? पुन्हा टोफूवाल्याचा मुलगा?"

गेल्या वर्षीचं सार माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं.

"पोरगी चालली आहे," मी म्हणाले. "यावेळी झाकण उताणं ठेवा. डोळे मिटा आणि हो म्हणा. मी आजवर काही मागितलं नाही."

"आणि त्याला जमलं नसेल तर?"

"तर निदान दार उघडं राहील."

ह्यांनी पट्टी खाली ठेवली, फडक्याची घडी घातली, आणि होकाराची मान हलवली.

पुण्यतिथीच्या दिवशी मी पहाटे उठून दिवाणखाना झाडला, फुलं मांडली. सकाळभर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घरात मासळीच्या किसाचा वास नव्हता. खिडक्या उघड्या असतील, असं मी मनाला सांगितलं.

केइगोने वाडगा आणून ठेवला. हे बसले होते, बाजूला मी, मागे चिगुसा. ह्यांनी झाकण काढलं. वाफ वर आली. घोट घेतला. मग दुसरा. मग वाडगा पुरता रिकामा केला. झाकण हातात धरून क्षणभर थांबले, आणि मी मनातल्या मनात 'ठेवा, ठेवा' म्हणत होते. ह्यांनी ते ताटात उताणं ठेवलं.

"हेच ते," हे म्हणाले. डोळ्यांतून खरोखरच पाणी वाहत होतं. "बाबांचं सार. उद्या पडदा तू लाव."

चिगुसाने तोंडावर हात घेतला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

केइगो हलला नाही. मग त्याने कपाळ चटईला टेकवलं आणि तसंच टेकवून ठेवून म्हणाला, "बाबा, ते पाणी होतं. विहिरीचं. फक्त गरम केलेलं."



"केइगो!" चिगुसा ओरडली. "लाज नाही वाटत?"

तो उठून बसला. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "गेल्या वर्षी मला वाटलं होतं, जमलं," तो म्हणाला. "बाबांनी नाही म्हटलं. मग मी स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. वर्षभर मला मीठसुद्धा कळेना. म्हणून आज पाणी आणलं. तुम्ही झाकण परत ठेवलं असतं ना बाबा, तर गेल्या वर्षीचं 'नाही'सुद्धा खरंच होतं असं मी समजलो असतो. नागोयाला नकार कळवून टाकला असता. इथेच राहून मरेपर्यंत 'नाही' ऐकलं असतं."

हात पुढे करून ह्यांनी झाकण उचललं आणि रिकाम्या वाडग्यावर नीट बसवलं. आता त्याचा उपयोग काय?

माझा संताप संताप झाला. पोरावर, ह्यांच्यावर, स्वतःवर, आणि लढाईतल्या त्या पाहुण्यांवरही, ज्यांनी पाणी पिऊन 'नेहमीसारखंच' म्हटलं आणि आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभिमान बाळगायला लावला.

ते दोघं डिसेंबर लागायच्या आत गेले. चिगुसा टॅक्सीत बसली होती, केइगो सामान ठेवत होता. मी चपलाही न घालता बाहेर गेले.

"ऐक. गेल्या वर्षीचं सार मी चाखलं होतं. पातेल्यातलं. ते माझ्या बाबांचंच होतं. तुला जमलं होतं, केइगो. देवाशपथ."

मी पहिल्यांदाच या गल्लीत कुणाला सरळ सरळ खरं सांगत होते. केइगोने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो अगदी आपल्या क्योतोच्या माणसासारखा, गोड, हसला.

"आई, तुम्ही फार मायाळू आहात," तो म्हणाला आणि खोल वाकला. "अशी समजूत दुसऱ्या कुणी घातली नसती. तब्येतीला जपा."

"समजूत नाही रे!" मी ओरडले. टॅक्सीचं दार लागलं होतं.

पडदा आम्ही परत लावला नाही. पाहुण्यांना मालकांच्या प्रकृतीचं कारण कळवलं. कुराहाशीसाननी मिठाई पाठवली आणि इतकं जुनं घर बंद झाल्याचं ऐकून जीव हळहळला असा निरोप पाठवला. स्वयंपाकघरातली मोठी शेगडी थंड आहे. मी आमच्या दोघांपुरता भात लावते, लोणचं कापते. सार मी करत नाही.

परवा दुपारी जेवताना हे अचानक थांबले.

"इसोए, तू ते चाखलं होतंस ना? गेल्या वर्षीचं. पळी ओली टांगलेली मी पाहिली होती."

मी भात वाढत होते. "चाखलं होतं."

"खरं सांग. माझ्या गळ्याची आण. मी नाही म्हटलं, ते... ते चुकलं का माझं?"

इतकी वर्षं विहिरीपाशी चहा घेऊन ज्याच्याशेजारी बसले, तोच माणूस माझ्यासमोर होता.

"नव्हतं हो जमलं त्याला," मी म्हणाले. "खारट झालं होतं. वाडगा तेवढा सुंदर होता."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला.

"मला वाटलंच होतं," हे म्हणाले. "काही झालं तरी जीभ शेवटी जीभ असते." आणि सान्शोची डबी भातावर पालथी करून जेवायला लागले.